दगडी कोळशाच्या धूम्रशोधनाचे कागद

१

दगडी कोळशाच्या धुरांतून घातक वायु वेगळे काढण्याची विद्या अगदीं अलीकडची असून ती अद्यापि अपुरी असल्यामुळेंच वीजघरांचा धूर मोकळा सुटतो, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. या समजास अस्सल कागदांचा आधार नाहीं. धुरांतील गंधकाचा वायु पाण्यानें धुऊन काढणारें मोठें वीजघर लंडन शहरांत १९३३ सालीं चालू झालें. आणि कर्बाचा वायु शोषून घेणाऱ्या द्रवाचें पेटंट अमेरिकेंत १९३० सालीं दिलें गेलें. म्हणजे या दोन्ही विद्या जवळजवळ समवयस्क असून त्यांस नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. असें असतां पहिली विद्या जगांत पसरावयास अर्धें शतक लागलें, आणि दुसरी आजही बोटांवर मोजतां येतील इतक्याच वीजघरांत दिसते. हा विलंब कां झाला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्राच्या ग्रंथांत सांपडत नाहीं. तें आज्ञापत्रें, परवाने, कायदे, निवाडे व अधिसूचना यांत सांपडतें. आणि म्हणूनच हा विषय जुने कागद जमविणाऱ्या व ताडून पाहणाऱ्या मंडळींपुढें मांडणें योग्य वाटलें. या कागदांवरून जो सिद्धान्त निघतो तो आरंभींच सांगतों. धूर शुद्ध होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विद्या, अट व पहारा. विद्या म्हणजे वायु वेगळा काढण्याची रीति. अट म्हणजे ती रीति वापरलीच पाहिजे असें बंधन घालणारा कागद. आणि पहारा म्हणजे तो कागद दप्तरांत पडून न राहतां पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारें अधिकारपद. तिहींपैकीं एकाची उणीव असली कीं धुराडें पूर्ववत् वाहूं लागतें.

परिभाषेविषयीं दोन शब्द. कोळसा जळतांना त्यांतील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड व कर्बापासून कार्बन डायऑक्साइड उत्पन्न होतो. पुढें पहिल्यास संक्षेपानें गंधकवायु व दुसऱ्यास कर्बवायु म्हटलें आहे. दोन्ही डोळ्यांस दिसत नाहींत. दिसते ती काजळी व राख. हा दृश्यादृश्यभेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे, कारण कायद्याची दृष्टि दीर्घकाळ दृश्यावरच खिळून राहिली होती.

२

धुराविषयींची तक्रार विद्येहून फार जुनी आहे. इंग्लंडांतील डन्स्टेबल येथील मठाच्या वार्षिक नोंदींत १२५७ सालीं असें नमूद आहे कीं, तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर नॉटिंगहॅम येथें मुक्कामास असतां कोळशाच्या धुरामुळें तिला तें ठिकाण सोडावें लागलें. पुढें १२८५ सालीं लंडनांतील चुन्याच्या भट्ट्यांच्या धुराची चौकशी करण्यास पहिल्या एडवर्डनें मंडळ नेमलें, व १३०७ सालीं साऊथवर्क वगैरे भागांतील भट्टीवाल्यांनीं समुद्रमार्गें येणारा कोळसा न जाळतां लाकूडफाटा किंवा लोणारी कोळसा वापरावा, अशी आज्ञा काढली. आज्ञा निघाली, परंतु पुढील शतकांत लाकूड महाग होत गेलें व कोळसा घरोघर शिरला. राजाज्ञेचा कागद राहिला, तिचा अंमल राहिला नाहीं.

साडेतीन शतकांनंतर जॉन एव्हलिन या गृहस्थानें 'फ्युमिफ्यूजियम' नांवाचें लहानसें पुस्तक १६६१ सालीं दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केलें. लंडनच्या धुरानें मनुष्याच्या फुप्फुसांची, इमारतींची व कपड्यांची कशी हानि होते याचें त्यांत तपशीलवार वर्णन आहे. उपाय मात्र दोनच: कोळसा जाळणारे रंगारी, साबणवाले, चुनेवाले इत्यादि धंदे शहराबाहेर न्यावे, व शहराभोंवतीं सुवासिक झाडें लावावीं. धूर शुद्ध करावा ही कल्पना त्यांत नाहीं. धूर दुसरीकडे न्यावा एवढीच आहे. राजानें पुस्तकाची प्रशंसा केली, पण त्यापासून कायदा निष्पन्न झाला नाहीं. या काळीं विद्याही नव्हती व पहाराही नव्हता; होती ती केवळ तक्रार.

३

तिन्ही गोष्टी प्रथम एकत्र आल्या त्या वीजघरांच्या जन्मापूर्वीं, सोडाखाराच्या कारखान्यांत. लेब्लांक पद्धतीनें मिठापासून सोडाखार काढतांना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु धुराड्यांतून सुटे व आसपासचीं शेतें व झाडें जाळून टाकी. विल्यम गॉसेज यानें १८३६ सालीं यावर तोड काढली. उंच मनोऱ्यांत कोक वगैरे सच्छिद्र पदार्थ भरावे, वरून पाणी झिरपत सोडावें व खालून वायु चढूं द्यावा, म्हणजे वायु पाण्यांत विरघळतो. आज जगांतील बहुतेक धूम्रशोधक यंत्रांच्या मुळाशीं हीच मनोऱ्याची रचना आहे.

परंतु मनोरा सांपडल्यावर सत्तावीस वर्षें तो ऐच्छिक राहिला. १८६३ सालीं पार्लमेंटनें अल्कली कायदा केला, तेव्हां या वायूचा निदान शेंकडा ९५ भाग पकडलाच पाहिजे अशी स्पष्ट संख्या कायद्यांत आली. एवढ्यावर न थांबतां ती मोजण्यास निरीक्षक नेमला गेला. रॉबर्ट अँगस स्मिथ हा पहिला मुख्य निरीक्षक. स्वतः रसायनवेत्ता असल्यामुळें तो कारखान्यांत जाऊन वायूचें मापन करी व दरवर्षीं अहवाल लिही. कारखानदारांनीं अल्पावधींत शेंकडा ९५ हून अधिक वायु पकडून दाखविला. जी गोष्ट सत्तावीस वर्षें जड वाटत होती ती अट व पहारा येतांच सुकर झाली.

या प्रकरणास दुसरी बाजूही आहे. पकडलेलें आम्ल प्रथम ओढ्यानाल्यांत सोडलें जाई, व हवेंतील उपद्रव पाण्यांत उतरे. पुढें त्या आम्लापासून विरंजक चूर्ण करण्याचे मार्ग निघाले तेव्हां तेंच आम्ल मोलाचें ठरलें. धुरांतून काढलेली वस्तु जाते कोठें, हा प्रश्न येथें प्रथम उपस्थित झाला. तो पुढेंही सुटलेला दिसत नाहीं.

४

आतां वीजघराकडे वळूं. कोळशावर चालून सार्वजनिक वीज पुरविणारें पहिलें केंद्र लंडनांत होल्बर्न व्हायाडक्ट येथें १८८२ सालीं उघडलें. केंद्रें लहान होतीं तोंवर त्यांच्या धुराची वेगळी गणना झाली नाहीं. १९२५ सालीं स्थापन झालेल्या लंडन पॉवर कंपनीनें टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बॅटरसी येथें प्रचंड वीजघर बांधण्याचें ठरविलें, तेव्हां मात्र शहराच्या ऐन मध्यावर गंधकवायूचा हा झोत सुटणार म्हणून मोठी चळवळ झाली. पलीकडच्या तीरावर राजवाडा, पार्लमेंट व चित्रसंग्रहालयें होतीं, हें त्या चळवळीच्या जोराचें एक कारण होय. गरिबांच्या वस्तींत हेंच वीजघर उभें राहतें तर इतका गवगवा झाला असता कीं नाहीं, याचा वाचकांनींच विचार करावा.

निर्णायक कागद आहे तो १९२७ सालचा. वीजघरांस संमति देणारे सरकारी इलेक्ट्रिसिटी कमिशनर यांनीं आपल्या संमतिपत्रांत अशी अट घातली कीं, धूर व गंधकाचे वायु यांचा उपद्रव टाळण्यास त्या काळीं ठाऊक असलेले उत्तमांत उत्तम उपाय कंपनीनें योजले पाहिजेत. या एका कलमामुळें कंपनीस प्रयोग करावे लागले. मुख्य अभियंता लिओनार्ड पिअर्स याच्या देखरेखीखालीं जी रीति ठरली तिचें स्वरूप असें: भट्टीतून निघालेला धूम्रवायु फवाऱ्यांखालून नेत, टेम्सचें पाणी मुळांतच किंचित् क्षारधर्मी, त्यांत आणखी खडूची भुकटी मिसळीत, गंधकवायु पाण्यांत उतरून सल्फेट बने. १९३३ सालीं वीजघर चालू झालें व गंधकवायूचा शेंकडा नव्वदांहून अधिक भाग निघूं लागला. ज्या वास्तूचें बाह्यरूप जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यानें घडविलें व जी तिच्या पांढऱ्या धुराड्यांमुळें प्रसिद्ध झाली, तिची खरी ऐतिहासिक थोरवी या धुलाईत आहे.

दोष दोन निघाले. धुतलेला धूर थंड व ओला असल्यामुळें उंच न चढतां केव्हां केव्हां जवळच्या वस्तीवर उतरे. आणि धुणावळीचें पाणी अखेर टेम्समध्येंच जाई. दुसरा दोष टाळण्याचा यत्न शेजारच्या फुलहॅम वीजघरांत झाला. १९३६ सालीं सुरू झालेल्या त्या वीजघरांत चुनामिश्रित पाणी नदींत न सोडतां पुन्हां पुन्हां फिरवीत व गंधक घनरूपानें बाहेर काढीत. आज जगभर चालणाऱ्या चुनखडीच्या पद्धतीचें हें पूर्वरूप होय. दुसरें महायुद्ध सुरू होतांच मात्र ही धुलाई बंद करण्यांत आली. कारण धुतलेल्या धुराचा पांढरा लोट शत्रूच्या विमानांस वाट दाखवील अशी भीति होती.

५

युद्धानंतर इंग्लंडांतच ही विद्या मागें पडली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पांच दिवसांत लंडनवर धूर व धुकें यांचें जें दाट आवरण पसरलें त्यांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं असा तत्कालीन अंदाज होता. पुढील संशोधकांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. यांतून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. तो महत्त्वाचा खरा, पण त्याचें मुख्य लक्ष्य घरगुती चुली व भट्ट्या यांतून निघणाऱ्या काळ्या धुरावर होतें. वीजघरांच्या गंधकवायूविषयीं धोरण निराळें राहिलें: धुराडें उंच करावें, म्हणजे वायु वरच्या वर विरळ होईल. यॉर्कशायरमधील ड्रॅक्स येथील धुराडें २५९ मीटर उंच आहे. धूर शुद्ध करण्याऐवजीं दूर पाठविण्याची ही एव्हलिनचीच युक्ति. फरक एवढाच कीं धंदे शहराबाहेर न जातां धूर देशाबाहेर जाऊं लागला. नॉर्वे व स्वीडन येथील तळीं आम्ल होऊन मासे मरूं लागले, तेव्हां हा हिशेब उघड झाला. 'आम्लपर्जन्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच रॉबर्ट अँगस स्मिथनें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत वापरलेला होता, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पश्चिम जर्मनीनें १९८३ सालीं मोठ्या भट्ट्यांविषयीं हुकूम काढून गंधकवायूची कमाल मर्यादा आंकड्यांत बांधली व मुदत दिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील मोठ्या वीजघरांस शोधक यंत्रें बसलीं. बॅटरसीची विद्या पन्नास वर्षें हाताशीं होती. जर्मनींत ती कागदावरील संख्येबरोबर आली. ड्रॅक्सलाही अखेर १९९० च्या दशकांत तीं यंत्रें बसवावीं लागलीं.

६

कर्बवायूचा इतिहास याहून अधिक उद्बोधक आहे. स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस यानें १८९६ सालींच हवेंतील कर्बवायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित मांडलें होतें. गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्यानें १९३८ सालीं, म्हणजे बॅटरसीचें वीजघर चालू असतांनाच, मनुष्यानें जाळलेल्या कोळशामुळें तापमान वाढूं लागलें आहे असें प्रतिपादन केलें. रॉबर्ट बॉटम्स यास डिसेंबर १९३० मध्यें अमेरिकेंत जें पेटंट मिळालें त्यांत अमाइन जातीच्या द्रवानें आम्लधर्मी वायु शोषून घ्यावे व मग तो द्रव तापवून ते पुन्हां मोकळे करावे ही रीति दिली आहे. तत्त्व गॉसेजच्या मनोऱ्याचेंच: वरून द्रव, खालून वायु. भेद इतकाच कीं अमाइन वायूस कायमचें बांधीत नाहीं. उष्णता दिली कीं सोडून देतें, व पुन्हां कामास येतें.

येथें एक अडचण प्रामाणिकपणें नोंदविली पाहिजे. धूम्रवायूंत गंधकवायु हजारांत एखाददोन भागच असतो. कर्बवायु मात्र शेंकडा बारा ते पंधरा. एक टन शुद्ध कर्ब जळला तर सुमारें ३.६७ टन कर्बवायु होतो, म्हणजे काढावयाची वस्तु जाळलेल्या वस्तूहून वजनदार. द्रव तापविण्यास लागणारी वाफ वीजघराच्याच वाफेंतून घ्यावी लागते व त्यापायीं एकंदर विजेचा पांचवा ते चौथा हिस्सा खर्चीं पडतो. तेव्हां ही विद्या गंधकशोधनाहून खर्चिक आहे यांत संशय नाहीं. पण खर्चिक असणें व अशक्य असणें या दोन गोष्टी भिन्न होत. कॅलिफोर्नियांतील सर्ल्स खोऱ्यांत सोडाखाराच्या कारखान्यासाठीं कोळशाच्या भट्टीच्या धुरांतून कर्बवायु काढण्याचें काम १९७८ सालींच सुरू झालें, कारण तेथें तो वायु कच्चा माल म्हणून हवा होता. गरज असली कीं विद्या चालते, याचा हा दाखला.

बंधन काय करूं शकतें याचा दाखला नॉर्वेंत मिळतो. तेथील प्रकरण वीजघराचें नसून नैसर्गिक वायूच्या खाणीचें आहे, तरी आपल्या प्रश्नास तें लागू पडतें. १९९१ सालीं त्या देशानें समुद्रांतील तेलवायूच्या उद्योगावर कर्बवायूचा कर बसविला. १९९६ पासून स्लाइपनर क्षेत्रांत वर्षाकाठीं जवळपास दहा लक्ष टन कर्बवायु समुद्रतळाखालच्या वालुकाश्मांत पुरला जाऊं लागला. हवेंत सोडण्याहून जमिनींत पुरणें स्वस्त पडूं लागलें तेंच त्याचें कारण.

याच्या उलट दाखला अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत माउंटेनियर वीजघराचा. तेथें २००९ पासून धुराचा लहानसा भाग घेऊन कर्बवायु पकडणें व पुरणें या दोन्ही क्रिया यशस्वी करून दाखविल्या. पुढची मोठी योजना कंपनीनें जुलै २०११ मध्यें सोडून दिली. कारण असें दिलें गेलें कीं, देशांत कर्बवायूविषयीं कायदा झालेला नसल्यामुळें हा खर्च ग्राहकांकडून वसूल करण्यास नियामक परवानगी देणार नाहींत. विद्या सिद्ध, अट नाहीं. म्हणून काम बंद. प्रस्तुत सिद्धान्तास याहून स्वच्छ पुरावा मिळणें कठीण.

कॅनडांत २०१२ सालीं कोळशाच्या वीजघरांविषयीं नियम झाले. त्यांप्रमाणें जुलै २०१५ पासून नव्या व आयुष्य संपलेल्या संचांस प्रत्येक गिगावॉट-तासामागें ४२० टनांची मर्यादा आली. सस्कॅचेवान प्रांतांतील बाउंडरी डॅम वीजघराच्या तिसऱ्या संचावर ऑक्टोबर २०१४ मध्यें जें यंत्र सुरू झालें तें मोठ्या प्रमाणावर कर्बवायु पकडणारें कोळशाच्या वीजघरांतील पहिलें यंत्र होय. वर्षास दहा लक्ष टन हें त्याचें उद्दिष्ट. प्रारंभींचीं वर्षें बिघाडांचीं गेलीं व उद्दिष्ट गांठतां आलें नाहीं. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा हें दुसरें मोठें यंत्र २०१७ च्या आरंभीं सुरू झालें, तेलाचे भाव कोसळतांच २०२० सालीं बंद पडलें, व २०२३ सालीं पुन्हां चालू झालें. मिसिसिपींतील केम्पर येथें मात्र कोळशाचा वायु करून त्यांतून कर्बवायु काढण्याचा बेत सुमारें साडेसात अब्ज डॉलर खर्चून २०१७ सालीं सोडून द्यावा लागला. अपयशाचे हे कागदही जपून ठेवले पाहिजेत; केवळ यशाच्या बखरीवर इतिहास रचूं नये.

बाउंडरी डॅम व पेट्रा नोव्हा या दोन्ही ठिकाणचा कर्बवायु बव्हंशीं जुन्या तेलविहिरींत दाबून उरलेलें तेल वर काढण्यास विकला गेला. लेब्लांकचें आम्ल ओढ्यांत, बॅटरसीचें सल्फेट टेम्समध्यें, आणि हा वायु तेलविहिरींत: काढलेली वस्तु जाते कोठें, हा १८६३ चा प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो. पेट्रा नोव्हा बंद पडलें तें विद्या हरली म्हणून नव्हे, तर ज्याच्या आधारावर तें उभें होतें तो तेलाचा भाव उतरला म्हणून. बाजार हा अटीच्या जागीं उभा राहूं शकतो, पण पहारा करीत नाहीं.

७

आपल्याकडील कागदांची परंपराही लहान नाहीं. अल्कली कायद्याच्याच सालीं, १८६३ मध्यें, कलकत्ता व हावडा यांसाठीं धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. १९०५ सालीं बंगालचा व १९१२ सालीं मुंबईचा झाला. या सर्वांचा रोख गिरण्यांच्या काळ्या धुरावर होता. अदृश्य वायूस त्यांत स्थान नव्हतें.

अदृश्य वायूसाठीं अट व पहारा यांची खरी कसोटी महाराष्ट्रांत लागली ती डहाणू येथें. मुंबईच्या उत्तरेस समुद्रकांठीं चिकूच्या बागा व वारली वस्ती यांच्या सान्निध्यांत ५०० मेगावॉटचें वीजघर बांधण्यास केंद्र सरकारनें १९८८ सालीं मान्यता दिली. तिला विरोध करणारा अर्ज प्रथम मुंबई उच्च न्यायालयांत व मग सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९९१ च्या मार्चमधील निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयानें मान्यता रद्द केली नाहीं. परंतु गंधकशोधक यंत्राची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्यावांचून शिथिल करूं नये, असें बजावलें. त्याच वर्षीं २० जून रोजीं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. वीजघर १९९५ सालीं सुरू झालें, पण शोधक यंत्र बसलें नाहीं. अट होती, निवाडा होता, घोषणा होती, पहारा नव्हता.

तो आला १९९६ सालीं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबरमधील आज्ञेवरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें व न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणानें १९९९ सालीं यंत्र बसविण्याचा हुकूम दिला. तरीही वर्षें जात राहिलीं. शेवटीं कंपनीकडून तीनशें कोटी रुपयांची बँकहमी घेण्यापर्यंत प्रकरण गेलें, आणि २००७ सालीं यंत्र चालू झालें. मान्यतेपासून यंत्रापर्यंत एकोणीस वर्षें. येथें गंधकवायु धुण्यास समुद्राचें पाणी वापरतात. त्यांतील स्वाभाविक क्षारधर्म कामीं येतो. ट्रॉम्बे येथेंही विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत हीच रीति योजली गेली होती. बॅटरसीच्या टेम्सजलाचें कार्य कोंकणकिनाऱ्यावर अरबी समुद्रानें केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एका तालुक्यांत जें घडलें तें सबंध देशांत घडावें अशी अपेक्षा ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनें उत्पन्न केली. तींत कोळशाच्या सर्व वीजघरांस गंधकवायूची मर्यादा आंकड्यांत घालून दिली होती व जुन्या वीजघरांस दोन वर्षांची मुदत होती. ती मुदत २०२२ पर्यंत व मग पुन्हां पुन्हां वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेनें बहुतेक वीजघरांस या मर्यादेंतून सूट मिळाली. मोठ्या शहरांच्या निकट असलेल्यांस ती अट राहिली, व सूट मिळालेल्यांनीं धुराड्याच्या उंचीचा नियम पाळावा असें ठरलें. सुटीच्या समर्थकांचें म्हणणें असें कीं, भारतीय कोळशांत गंधक कमी असतें, बहुतेक ठिकाणीं हवेंतील गंधकवायु मर्यादेंतच आहे, आणि शोधक यंत्रास लागणारी वीज व चुनखडी यांमुळें कर्बवायूची भर पडते. शेवटचा मुद्दा रसायनदृष्ट्या खरा आहे: चुनखडी गंधकवायूस बांधते तेव्हां स्वतःतील कर्बवायु सोडते. परंतु ही भर वीजघराच्या एकंदर कर्बवायूच्या मानानें अल्प आहे. आणि गंधकवायु हवेंत राहून सूक्ष्म कणांचें रूप घेतो व धुराड्यापासून फार दूरवर जातो, हेंही तितकेंच खरें आहे. १९५६ नंतरच्या इंग्लंडांतील उंच धुराड्यांची कथा ज्यांनीं वाचली आहे त्यांस २०२५ च्या या कागदांतील धुराड्याच्या उंचीचें कलम ओळखीचें वाटेल.

कर्बवायूच्या बाबतींत आपल्याकडे आरंभ झाला आहे. तुतिकोरीन येथील सोडाखाराच्या कारखान्यांत कोळशाच्या भट्टीच्या धुरांतून वर्षास ६०,००० टन कर्बवायु काढण्याचें यंत्र २०१६ सालीं उभें राहिलें. सर्ल्स खोऱ्याप्रमाणें येथेंही वायु हा कच्चा मालच होता. विंध्याचल येथील सरकारी वीजघरांत दररोज २० टन पकडणारें प्रायोगिक यंत्र २०२२ सालीं बसलें. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण चालला तर दिवसास सुमारें दहा-अकरा हजार टन कर्बवायु सोडतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या आरंभाचें प्रमाण कळतें. अटीचा कागद या विषयांत अन्यत्रही स्थिर नाहीं. अमेरिकेंत दीर्घकाळ चालावयाच्या कोळशाच्या वीजघरांनीं शेंकडा नव्वद कर्बवायु पकडावा असा नियम एप्रिल २०२४ मध्यें जाहीर झाला, व जून २०२५ मध्यें तो रद्द करण्याचा प्रस्ताव त्याच खात्यानें मांडला.

८

इंग्लंडांतील कोळशाच्या विजेचा अध्याय ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ येथील वीजघर बंद होऊन संपला. होल्बर्नपासून मोजलीं तर १४२ वर्षें झालीं. भारतांत तो अध्याय संपलेला नाहीं. आपली बहुतांश वीज कोळशाचीच आहे. म्हणून वरील कागदांचा निष्कर्ष आपणांस केवळ पुराणवस्तूप्रमाणें पाहतां येत नाहीं.

निष्कर्ष असा. गॉसेजचा मनोरा सत्तावीस वर्षें, बॅटरसीची धुलाई पन्नास वर्षें, व बॉटम्सचें पेटंट ऐंशींहून अधिक वर्षें थांबलें. या तिन्ही प्रसंगीं विद्या आधीं होती व तिला कामास लावणारें बंधन मागाहून आलें. अटीवांचून विद्या कशी वांझ राहते हें माउंटेनियरनें दाखविलें, व पहाऱ्यावांचून अट कशी निजून राहते हें डहाणूच्या १९८८ ते १९९६ या काळानें दाखविलें. पहारा आल्यावरही डहाणूस अकरा वर्षें लागलीं, तेव्हां पहारेकऱ्यास चिकाटी हवी हेंही त्यांतच आलें. 'यंत्र महाग आहे' किंवा 'यंत्र अद्यापि सिद्ध नाहीं' असें जेव्हां सांगितलें जाईल, तेव्हां इतिहासाच्या अभ्यासकानें तीन कागद मागावे: विद्येची तारीख कोणती, अट कोणत्या कलमांत आहे, व ती पाळली जाते हें कोणाच्या सहीनें प्रमाणित होतें. यांपैकीं जो कागद मिळणार नाहीं तेथेंच अडथळा आहे असें समजावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा, महजर, निवाडपत्रें यांचें मोल आपण जाणतों, कारण त्यांत कोणी कोणास काय वचन दिलें व तें कोणी मोडलें हें लिहिलेलें असतें. वीजघरांचे परवाने, त्यांच्या अटी, मुदतवाढीचे हुकूम, जनसुनावणींचीं टिपणें व प्राधिकरणांचे निर्णय हे या काळाचे महजरच होत. ते आज कार्यालयांतून रद्दीच्या वाटेस लागलेले असतात, व गांवकऱ्यांच्या घरीं गाठोड्यांत पडलेले असतात. धुराडीं पाडलीं जातील, यंत्रें भंगारांत जातील. परंतु कोणत्या गांवाच्या हवेविषयीं कोणतें वचन केव्हां दिलें गेलें होतें, हें सांगण्यास हे कागदच उरतील. ते जमवावे, त्यांवर तारखा घालाव्या, व प्रसिद्ध करावे.